सुपर-ताकुमार ५० एमएम एफ/१.४: थोरियमच्या काचेबद्दल एका एक्स-रे टेक्निशियनचं मत

लेन्स: असाही पेंटॅक्सची सुपर-ताकुमार ५० एमएम एफ/१.४, सात काचांची, एम४२ पेचाची (म्हणजे कॅमेऱ्यावर पेच फिरवून बसणारी). मुंबईतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानातून सेकंडहँड घेतली. आठ हजारांच्या आतबाहेर पडली. सोबत पेंटॅक्सचीच एक स्पॉटमॅटिक कॅमेरा बॉडी, जुना फ्लॅश आणि चामड्याची पिशवी आली.

मत आधी सांगून टाकते. कमी उजेडात माणसांचे चेहरे आणि हात टिपायचे असतील, हाताने फोकस करायला आवडत असेल, तर ही लेन्स घ्या. ती किरणोत्सारी आहे, ही अफवा नाही. तिच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे आणि किरणोत्सर्ग मोजणारा मीटर लावला की तो बोलतो. तरीही घ्या. फक्त तिच्याशी काय करायचं नाही हे नीट समजून घ्या. त्या भागावरच मी जास्त लिहिणार आहे, कारण विकणारे त्याबद्दल गप्प असतात आणि घाबरवणारे भलत्याच गोष्टीला घाबरवतात.

मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात काम करते. छातीवर टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग नोंदवणारा बिल्ला) लावून नोकरी केलेली बाई आहे, त्यामुळे किरणोत्सर्ग हा शब्द ऐकून मला घामही फुटत नाही आणि तो हसण्यावारी नेण्याची सवयही नाही. सुट्टीच्या दिवशी मी सतारमेकर गल्लीत फोटो काढते. तिथल्या कारखान्यांमध्ये दुपारीसुद्धा उजेड बेताचाच. दारातून येईल तेवढा, आणि वर एखादी ट्यूब. वाळलेले भोपळे छताला टांगलेले, खाली सतार बनवणारे चाचा मांडी घालून जवारी काढत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवत, बसलेले. घोडीवर कानस फिरवायची, तार लावून आवाज ऐकायचा, पुन्हा कानस. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते ती फ्लॅश मारून मिळत नाही, उलट मोडते. मला एफ/१.४, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, हवी होती ती यासाठी.

आधी लेन्स म्हणून बोलते.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा लक्षात येते ती फोकस रिंग. पन्नासहून अधिक वर्षांची वस्तू, पण रिंग अजून एकसारखी, जडही नाही, सैलही नाही. आजच्या प्लास्टिकच्या रिंगा बोटाला काहीच सांगत नाहीत. ही सांगते. ०.४५ मीटरपर्यंत जवळ जाता येतं, म्हणजे चाचांच्या बोटांची पेरं आणि घोडीवरची भुकटी फ्रेममध्ये भरते. फिल्टर ४९ एमएमचा, सहज मिळतो. मिररलेस कॅमेऱ्यावर साध्या अ‍ॅडॉप्टरने बसते. बाजूला ऑटो-मॅन्युअलची खिट्टी आहे, ती मॅन्युअलवर ठेवायला विसरू नका, नाहीतर अ‍ॅपर्चर कितीही फिरवलं तरी पाती हलणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल लेन्स बिघडली.

एफ/१.४ वर चित्र मऊ येतं. उजळ कडांभोवती हलकी आभा दिसते. काहींना तो दोष वाटतो. वृद्ध माणसाच्या चेहऱ्यावर मला तो चालतो, नव्या सतारीच्या पॉलिशवर नाही चालत. एफ/२ वर आभा आवरते, एफ/४ ला ही लेन्स आजच्या कुठल्याही पन्नासच्या शेजारी ठेवावी इतकी धारदार होते. उजेड समोरून आला तर मात्र जुनं कोटिंग हात टेकतं, सगळं चित्र फिकट पडतं. हूड लावा, किंवा तळहात आडवा धरा. पुढे १९७१ पासून आलेल्या सुपर-मल्टी-कोटेड ताकुमारमध्ये हे बरंच सुधारलं.

आता थोरियम.

काचेत थोरियम ऑक्साइड मिसळलं की काच प्रकाशाला जास्त वाकवते आणि तसं करताना रंग फारसे फाकत नाहीत. रुंद अ‍ॅपर्चरची लेन्स बनवणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतात, आणि साध्या काचेत त्या एकत्र मिळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानांतून टेहळणीचे फोटो घेणारी कोडॅकची एरो-एक्टार याच काचेची होती. युद्धानंतर ती काच सर्वसामान्यांच्या कॅमेऱ्यात आली. जपानी कंपन्यांच्या १९६० आणि ७० च्या दशकांतल्या बऱ्याच लेन्समध्ये ती सापडते, पेंटॅक्सपुरती नाही. काही काचांत थोरियमचं प्रमाण वजनाच्या ३० टक्क्यांच्या घरात असायचं. पुढे लँथॅनमसारख्या मूलद्रव्यांच्या काचा सुधारल्या आणि थोरियम मागे पडलं. सुपर-ताकुमारची १९६४ ची पहिली, आठ काचांची आवृत्ती थोरियमशिवायची होती. नंतरच्या सात काचांच्या आवृत्तीत ते आलं.

थोरियम-२३२ चं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं. त्यामुळे "आता जुनी झाली, शक्ती गेली असेल" हे दुकानदाराचं वाक्य सोडून द्या. पन्नास वर्षांत त्यात मोजण्याजोगी घट होत नाही. उलट त्याची कन्या-मूलद्रव्यं, म्हणजे त्याच्या विघटनातून तयार होणारी मूलद्रव्यं, हळूहळू साठतात. थोरियम स्वतः अल्फा कण सोडतं, ते कागदानेही अडतात, काचेतून बाहेर पडणं तर दूरच. बाहेर जे येतं ते साखळीतल्या पुढच्या मूलद्रव्यांचं: थोडे बीटा कण, थोडे गॅमा किरण.

आमच्याकडे रेडिएशन सेफ्टी पाहणारे जे सर आहेत, त्यांना मी लेन्स दाखवली. ते म्हणाले, "आणा मीटरजवळ, तोंडी बोलण्यात अर्थ नाही." खोलीतलं नेहमीचं वाचन तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास (सिव्हर्ट हे डोसचं एकक, हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). मीटरच्या तोंडावरची बीटाची झडप उघडून मागच्या काचेला अगदी चिकटवलं, तेव्हा आकडा सात-आठवर गेला. झडप लावली, तर दोनच्या खाली उतरला. म्हणजे काचेला चिकटून जे मिळतं त्यातलं बरंचसं बीटा आहे, जे थोडक्या अंतरात हवेत आणि धातूत विरतं. पुढच्या काचेजवळ आकडा पुष्कळ कमी. लेन्स कॅमेऱ्यावर चढवून, जिथे डोळा येतो तिथे मीटर धरला, तर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. हातभर लांब नेला, तर खोलीतलं वाचन आणि लेन्सचं वाचन यांत फरक दाखवता येईना.

इथे सरांनी सांगितलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. ऑनलाइन व्हिडिओंमध्ये लोक स्वस्तातला गायगर काउंटर काचेला टेकवतात आणि मायक्रोसिव्हर्टचा मोठा आकडा दाखवून ओरडतात. ही यंत्रं साधारणपणे सीझियमच्या गॅमा किरणांवर जुळवलेली असतात. समोर बीटा आला की ती टिकटिक जास्त करतात आणि तोच हिशेब लावून फुगलेला आकडा दाखवतात. शिवाय काचेला टेकवलेला मीटर काचेजवळचं सांगतो. तुमचं शरीर काचेला टेकलेलं नसतं.

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००१ मध्ये परवान्यातून सूट दिलेल्या किरणोत्सारी वस्तूंचा हिशेब मांडणारा अहवाल काढला. त्यात थोरियमच्या लेन्सही आहेत. वर्षात ३० दिवस, दिवसाला ६ तास असा कॅमेरा अंगावर वागवणाऱ्या फोटोग्राफरला वर्षाला सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट मिळेल, असा त्यांचा अंदाज आहे. छातीचा एक साधा एक्स-रे साधारण तेवढाच असतो. जगातल्या माणसाला माती, दगड, हवेतला रेडॉन, अन्न आणि आकाशातून येणारे किरण मिळून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. सामान्य नागरिकासाठी त्यावरची जादा मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. आम्हा किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांची पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायची असते. या आकड्यांच्या ओळीत ०.०२ कुठे बसतो ते तुम्हीच बघा.

मग काळजीच करायची नाही का? करायची, पण योग्य जागी. ती जागा कुठली हे माझ्या क्षेत्राला फार मोठी किंमत देऊन कळलं आहे.

थोरोट्रास्ट नावाचं औषध होतं. औषध म्हणजे एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून टोचायचं द्रव्य. त्यात थोरियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण असत. १९३० च्या दशकापासून १९५० च्या दशकापर्यंत अनेक देशांत ते सर्रास वापरलं गेलं. चित्रं सुरेख यायची, रुग्णाला त्या वेळी काहीच त्रास व्हायचा नाही. पण ते कण शरीराबाहेर पडत नसत. यकृतात, प्लीहेत, अस्थिमज्जेत जाऊन बसत आणि तिथे बसून जन्मभर अल्फा कण सोडत. वीस-तीस वर्षांनी त्या माणसांना यकृताचे कर्करोग होऊ लागले, त्यातले काही एरवी अत्यंत दुर्मीळ. कागदाने अडणारा अल्फा कण पेशीच्या आत सोडला की काय करतो, हे त्या रुग्णांनी दाखवून दिलं. आपल्या चाचणीसाठी आलेल्या माणसाला आपल्याच हाताने हे दिलं गेलं, हे शिकताना मला झोप लागली नव्हती. आजही कुणी "थोरियम ना, काही होत नाही" असं म्हणालं की मला ते सहन होत नाही.

थोरियम तेच. काचेत घट्ट बांधलेलं असताना ते शेजारी ठेवून फोटो काढता येतात. भुकटी होऊन श्वासातून किंवा पोटात गेलं, तर ते वेगळं प्रकरण. या लेन्सबद्दलचा माझा प्रत्येक सल्ला यातून निघतो.

म्हणून काच घासू नका. जुन्या लेन्सवर चरे असले की काही कारागीर सेरियम ऑक्साइड लावून काच पॉलिश करून देतात. साध्या काचेला चालत असेल, थोरियमच्या काचेला कधीही नाही. त्या खरवडीची धूळ त्या कारागिराच्या नाकात जाते, आणि तो बहुतेक वेळा मास्कशिवाय, बंद खोलीत, पंख्याखाली बसलेला असतो. त्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. तुम्हाला माहीत आहे, तर त्याला सांगणं तुमचं काम. अमेरिकेच्या नियमांतही या लेन्सना जी सूट आहे ती वापरण्यापुरती. काच घडवणं, घासणं, पॉलिश करणं त्या सुटीत बसत नाही. साफ करताना मऊ कापड आणि लेन्सचं द्रावण पुरे.

लेन्स पडून काच फुटली, तर झाडूने लोटू नका आणि व्हॅक्यूम लावू नका. हातमोजे घाला, मोठे तुकडे उचला, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपून घ्या, सगळं जाड पिशवीत बंद करा, फरशी पुन्हा ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा. लेन्सचं काम करताना खाऊ-पिऊ नका. एवढ्याने भागतं, घाबरून घर रिकामं करायची गरज नाही.

आणि ही लेन्स भिंग म्हणून डोळ्याला लावू नका. निगेटिव्ह किंवा पोस्टाची तिकिटं बघायला जुनी पन्नासची लेन्स उलटी धरणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. कॅमेऱ्यावर असताना डोळा आणि मागची काच यांच्यात अंतर असतं, मध्ये धातू, आरसा, प्रिझम असतं. भिंग म्हणून धरलं की ती काच बुबुळापासून बोटभर अंतरावर येते, आणि तासन्‌तास येते. मघाशी सांगितलेल्या नियमांत चष्मे, कॉन्टॅक्ट लेन्स आणि दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या काचा या सुटीतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. कारण हेच.

चाचांना मी हे सगळं सांगितलं, कारण मी त्यांच्या समोर ती लेन्स रोखून बसते आणि त्यांना माहीत असायला हवं. ते म्हणाले, "ताई, आमच्या अब्बांच्या वेळी रात्री काम असलं की गॅसबत्ती लावायचे. तिच्यात पण असलंच काही होतं म्हणतात." बरोबर आहे त्यांचं. गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये, म्हणजे ज्योतीवरच्या जाळीत, थोरियम असायचं, त्याच्यामुळे तो लख्ख पांढरा उजेड पडायचा. आपल्याकडे मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) थोरियम कारखान्यात १९५५ पासून थोरियम नायट्रेट बनत होतं, ते या मेंटलांसाठी जायचं. लग्नाच्या वरातीत, जत्रेत, तमाशाच्या फडावर डोक्यावर जे दिवे असत, त्यांच्यात ते होतं. आता विचार करा: काचेतलं थोरियम काचेत राहतं, पण जळलेलं मेंटल बोट लागताच राख होऊन उडतं. जुनी गॅसबत्ती घरात असेल आणि हौसेने मेंटल बदलणार असाल, तर मोकळ्या हवेत बदला, तोंड लांब ठेवा, राखेवर फुंकर मारू नका. माझ्या लेन्सपेक्षा मला त्या राखेची जास्त काळजी वाटते.

अशीच लेन्स असलेल्या आमच्याच विभागातल्या एका मुलाने विचारलं, "ताई, बायकोला पाचवा महिना आहे, ती लेन्स घरात ठेवू का विकून टाकू?" हा प्रश्न मी हसून उडवला नाही, कुणी उडवूही नये. त्याला म्हटलं, कपाटात ठेव, कपाट झोपायच्या खोलीत नको एवढं पाहा, आणि तिने कॅमेरा मांडीवर घेऊन तासन्‌तास बसू नये. आमच्याकडे गरोदर कर्मचाऱ्याच्या बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा पाळतात. कपाटातल्या लेन्सपासून चार हातांवर तो हिशेब करण्यासारखं काही उरत नाही. पण मनाला शांतता नसेल तर लेन्स वर्षभर भावाकडे ठेव, त्यातही काही चुकीचं नाही.

आणखी एक, फक्त एक्स-रेवाल्यांसाठी: टीएलडी बॅज या लेन्सच्या पिशवीत टाकू नका. तीन महिन्यांनी बॅज वाचायला जातो, आणि त्यात कामाच्या बाहेरचा डोस चढलेला असेल तर विभागाला विनाकारण चौकशीला तोंड द्यावं लागतं.

आता पिवळेपणा. या लेन्स कालांतराने चहासारख्या पिवळसर-तपकिरी होतात. आतल्या आत होणाऱ्या किरणोत्सर्गाने काचेतले इलेक्ट्रॉन जागेवरून हलतात आणि काचेच्या रचनेतल्या दोषांत अडकतात. अशा जागा निळा प्रकाश शोषतात, म्हणून काच पिवळी दिसते. डिजिटलवर रंग सहज दुरुस्त करता येतो, कृष्णधवल फिल्मवर तर सौम्य पिवळ्या फिल्टरचं काम होतं. पण उजेड कमी होतो, आणि उजेडासाठीच तर ही लेन्स घ्यायची. अतिनील प्रकाशाने अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि काच पुन्हा निवळते. थोरियम त्याने जात नाही, फक्त रंग जातो.

मी मार्च-एप्रिलचं ऊन वापरलं आणि काच जवळजवळ पांढरी झाली. पण हा इलाज या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा भाग आहे, हे मी ठासून सांगते. या लेन्सचं तोंड जवळपास ३६ मिलिमीटर रुंद. त्यावर पडलेलं ऊन ती अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यात गोळा करते. म्हणजे हजारो पटींनी तीव्र. खिडकीत झाकण काढून ठेवलेली लेन्स, खाली वर्तमानपत्र किंवा मागे पडदा, एवढं घर पेटायला पुरेसं आहे. ऊन सरकतं, तसा ठिपका सरकतो, आणि आपण त्या वेळी ड्युटीवर असतो. मी लेन्स स्टीलच्या परातीत ठेवली, मागच्या काचेला लागून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावली, म्हणजे ठिपका तयार व्हायला मागे जागाच राहत नाही, आणि मी घरात असेन तेव्हाच परात गच्चीवर नेली. फार तापू देऊ नका. आतलं जुनं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं.

ऊन नको असेल तर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी चालतो, डबा झाकून, डोळे त्यापासून लांब ठेवून. कोविडच्या वेळी घराघरात आलेले जंतुनाशक यूव्हीसी दिवे मात्र अजिबात वापरू नका. ते किरण काचेतून नीट आत जातच नाहीत, त्यामुळे उपयोग शून्य. डोळे आणि कातडी मात्र भाजतात. डोळ्यात वाळू गेल्यासारखं दुखायला लागतं ते काही तासांनी, तोवर उशीर झालेला असतो.

सूर्याचा विषय निघाला म्हणून: स्पॉटमॅटिकसारख्या आरशाच्या कॅमेऱ्यातून सूर्याकडे पाहू नका, ग्रहणातही नाही. नेत्रपटलाला वेदना कळत नाही. जळताना कळत नाही आणि जळलेलं भरून येत नाही.

पिशवीतल्या बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. जुन्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, आणि सेल काढल्यावरही ते काही काळ टिकतात. तो फ्लॅश उघडू नका, जाणकाराकडे द्या. स्पॉटमॅटिकच्या मीटरसाठी मूळ १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता. तळातलं झाकण उघडल्यावर जुना सेल निघाला तर नखाने खरवडू नका, ई-कचऱ्यात द्या. आजचा १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल तिथे चालतो, कारण त्या मीटरचं सर्किट व्होल्टेजच्या फरकाने चुकत नाही. पावसाळ्यात बुरशीसाठी डब्यात सिलिका जेल ठेवता, ते निळ्या रंगाचं असेल तर बदला. तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, आणि ते कर्करोगकारक गणलं जातं. नारिंगी दाणे मिळतात, ते घ्या. आणि कॅमेऱ्याच्या कपाटात डांबरगोळ्या नकोतच. लहान मुलं खाऊ समजून तोंडात घालतात.

लहान मुलांवरून सांगते, ते मात्र थोडक्यात सांगणार नाही. माझ्या आजच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत जीव घेऊ शकणारी वस्तू एकच आहे, आणि ती थोरियमची लेन्स नाही. ती आहे रिमोटमधला चपटा, चकतीसारखा लिथियम सेल, सीआर२०३२. रिमोटला, ट्रिगरला, लहानशा लाइट मीटरला तोच लागतो. साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा. मूल गिळतं, तो अन्ननलिकेत अडकतो, लाळेतून वीज वाहू लागते आणि त्याच्या कडेला दाहक क्षार तयार होऊन अन्ननलिका आतून भाजत जाते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. मूल सांगू शकत नाही. लाळ गळते, जेवत नाही, खोकतं, आणि घरच्यांना वाटतं सर्दी आहे.

आमच्याकडे अशी मुलं येतात. फिल्मवर नाणं आणि सेल दोन्ही गोल पांढरे दिसतात, पण सेलच्या कडेला आत आणखी एक रेघ असते, दुहेरी कडा. ती दुहेरी कडा दिसली की मी फिल्मची वाट बघत उभ्या असलेल्या आईकडे न बघता आधी डॉक्टरांना फोन लावते. तेव्हा सांगते: सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, केळं-भात खाऊ घालून खाली ढकलायला जाऊ नका, सरळ एक्स-रे असलेल्या हॉस्पिटलला जा. "सकाळी बघू" म्हणू नका. रिमोटच्या सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल तर चिकटपट्टी लावा. वापरलेला सेल दोन्ही बाजूंनी टेपने झाकून मगच टाका, कारण संपलेल्या सेलमध्येही भाजण्याइतकी शक्ती उरते. माझ्याकडे भाऊ मुलांना घेऊन येतो, तेव्हा लेन्स टेबलावर असते आणि रिमोट कुलपात.

परत लेन्सकडे. घ्यायची असेल तर पांढऱ्या कागदावर ठेवून, दोन्ही झाकणं काढून वरून बघा. कागद जितका पिवळा दिसेल तितका उन्हाचा वेळ लागेल, आणि तितका भाव खाली यायला हवा. पिवळेपणा घासाघिशीचं कारण आहे, नकार देण्याचं नाही. टॉर्च लावून आत बुरशीचे धागे आणि पात्यांवर तेल आहे का पाहा. मग दुकानदाराला सरळ विचारा: ही काच कधी पॉलिश करून घेतली आहे का? "होय, एकदम नवीन करून दिली आहे" असं उत्तर आलं, तर परत ठेवा. मी जिथून घेतली त्या दुकानात थोरियमचा शब्दही निघाला नव्हता. विचारल्यावर "जपानी माल आहे मॅडम, सगळं ओके" एवढंच. हे बदलायला हवं. मेकॅनिकल माल विकताना शटरचा वेग सांगतात, तसं काचेत काय आहे तेही चिठ्ठीवर लिहून द्यायला काही खर्च येत नाही.

थोरियम मुळात नकोच असेल, तर एसएमसी पेंटॅक्स-एम ५० एमएम एफ/१.७ बघा. के माउंटची (म्हणजे एम४२ पेचाऐवजी पेंटॅक्सच्या नंतरच्या जोडणीची), छोटी, स्वस्त, कोटिंग जास्त चांगलं. अर्धा स्टॉप उजेड कमी आणि ती मऊ आभा नाही, बाकी तक्रारीला जागा नाही. चाचांच्या कारखान्यात मात्र मी ताकुमारच नेते. जवारी काढताना ते तार कानाशी लावतात, डोळे मिटतात, आणि त्या क्षणी दाराकडच्या उजेडात त्यांची पांढरी दाढी जशी एफ/१.४ वर येते तशी दुसऱ्या कुठल्याच लेन्सवर मला अजून मिळालेली नाही.